सिव्हिलायझेशन ६ : आपली शहरं पुन्हा पुन्हा दुसऱ्याच धर्मात जातात, त्यावर उपाय

सिव्हिलायझेशन ६ हा पाळीपाळीने खेळायचा, साम्राज्य उभारण्याचा संगणक गेम. तो खेळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. धर्म वेळेत स्थापन केला, होली साइट (शहराचा धार्मिक विभाग) बांधल्या, फेथही (धार्मिक तुकड्या घ्यायचं चलन) बऱ्यापैकी जमतंय. मग शेजारच्या एआयचे (संगणक चालवतो त्या देशाचे) दोन-तीन अपॉसल, म्हणजे मिशनरीपेक्षा ताकदवान धर्मप्रचारक, सीमा ओलांडून येतात, चार टर्नमध्ये (पाळ्यांमध्ये) एक शहर त्यांच्या धर्मात फिरवून जातात. आपण मिशनरी विकत घेतो, शहर परत आणतो. दहा-पंधरा टर्न जातात आणि तेच शहर पुन्हा गेलेलं दिसतं, सोबत शेजारचंही. प्रत्येक फेरीला मिशनरी महाग होत जातात, फेथची गंगाजळी आटते, आणि शेवटी धार्मिक विजय (सगळ्या देशांत आपला धर्म पसरवून डाव जिंकणं) त्या एआयच्या पदरात पडतो. विज्ञानात आणि सैन्यात आपण पुढे असतानाही.

यात बिघाड गेमचा नाही, आणि फेथ कमी पडतंय असंही बहुतेक वेळा नसतं. उपाय चुकीच्या जागी चाललेला असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसंच. शहरात आपला धर्म ओतत राहायचं की परका धर्म तिथून काढायचा, या दोन वेगळ्या कामांतला फरक एकदा हातात बसला की हा त्रास जवळजवळ संपतो. म्हणून आधी गेम आतून काय मोजतो ते नीट बघू.

शहराच्या आत काय साठतं

प्रत्येक शहरात प्रत्येक धर्माचं प्रेशर (प्रभावाचे गुण) वेगवेगळं साठत जातं. ते आपोआप विरून जात नाही. शहराची लोकसंख्या या साठलेल्या प्रेशरच्या प्रमाणात धर्मांमध्ये वाटली जाते, आणि ज्या धर्माकडे निम्म्याहून जास्त लोक त्याचं चिन्ह शहराच्या नावापुढे दिसतं. आपण नेमके इथेच फसतो, कारण चिन्ह एकच दिसतं. ५१ टक्क्यांवर टेकलेलं शहर आणि ९५ टक्के पक्कं शहर नकाशावर हुबेहूब सारखं दिसतं.

प्रेशर दोन वाटांनी येतं. एक म्हणजे आपोआप. ज्या शहरात एखाद्या धर्माचं बहुमत आहे, ते शहर १० टाइलच्या (नकाशावरच्या घरांच्या) आतल्या सगळ्या शहरांवर दर टर्नला १ प्रेशर टाकतं. त्या शहरात होली साइट असेल तर २, आणि ते त्या धर्माचं होली सिटी (धर्म जिथे स्थापन झाला ते शहर) असेल तर ४. व्यापारी मार्गांवरूनही थोडं प्रेशर जातं-येतं. दुसरी वाट म्हणजे मिशनरी आणि अपॉसलचे चार्ज, म्हणजे धर्म पसरवायच्या मोजक्या संधी. पूर्ण तब्येतीच्या मिशनरीचा एक चार्ज शहरात २०० प्रेशर घालतो आणि बाकीच्या धर्मांचं १० टक्के प्रेशर पुसतो. अपॉसलचा चार्ज २२० घालतो आणि २५ टक्के पुसतो. तुकडी जखमी असेल तर चार्जचा जोर त्या प्रमाणात कमी होतो.

आता हे आकडे एका शहरावर लावून बघा. उदाहरण बेताचं आहे आणि कुठलाच धर्म न मानणारे लोक हिशेबातून बाजूला ठेवलेत. समजा ८ लोकसंख्येच्या शहरात आपलं प्रेशर ९०० आणि शेजाऱ्याचं ३००. म्हणजे ६ लोक आपले, २ त्यांचे. शहर आपलंच, काळजीचं कारण नाही असं वाटतं.

शेजाऱ्याचा अपॉसल येतो. पहिला चार्ज : आपले ९०० चे ६७५ होतात, त्यांचे ३०० चे ५२०. दुसरा चार्ज : आपले ५०६, त्यांचे ७४०. शहर गेलं. अपॉसलने फक्त दोन चार्ज खर्च केले.

आपण मिशनरी आणतो. पहिला चार्ज : त्यांचे ७४० चे ६६६, आपले ७०६. दुसरा चार्ज : त्यांचे ५९९, आपले ९०६. शहर परत आलं, चिन्ह बदललं, आपण पुढच्या कामाला लागलो.

पण आत काय उरलं ते बघा. आपलं प्रेशर जवळपास पूर्वीइतकंच, ९०६. त्यांचं मात्र ३०० होतं ते आता ५९९. पुढच्या वेळी अपॉसल आला की एकाच चार्जमध्ये आपले ६८० आणि त्यांचे ८१९ होतात. पहिल्यांदा दोन चार्ज लागले होते, आता एकच पुरतो. मिशनरीने शहर 'परत आणण्याच्या' प्रत्येक फेरीत त्यांच्या साठ्याचा मोठा भाग आपण तसाच राहू देतो, आणि शहर आधीपेक्षा जास्त पोकळ होतं. "दर वेळी आधीपेक्षा लवकर जातंय" असं जे वाटतं ते खरंच तसं असतं.

हे काम इन्क्विझिटरचं आहे

इन्क्विझिटर म्हणजे परका धर्म हटवणारी धार्मिक तुकडी. त्याच्याकडे 'रिमूव्ह हेरेसी' ही कृती असते. आपल्या हद्दीतल्या शहरात ती वापरली की बाकी धर्मांचं ७५ टक्के प्रेशर एका झटक्यात जातं. वरचंच उदाहरण घ्या. शहर नुकतंच गेलंय, आपले ५०६, त्यांचे ७४०. इन्क्विझिटरचा एक चार्ज : त्यांचे १८५. आपल्या बाजूला काहीच भर घातली नाही, तरी जवळजवळ तीन-चतुर्थांश शहर पुन्हा आपलं. शिवाय त्यांचा साठा सुरुवातीच्या ३०० च्याही खाली आला. इन्क्विझिटरकडे असे तीन चार्ज असतात आणि तो अपॉसलपेक्षा बऱ्यापैकी स्वस्त पडतो.

मग लोक तो का वापरत नाहीत? कारण तो विकत घेण्याच्या यादीत दिसतच नाही. आधी एका अपॉसलने 'लाँच इन्क्विझिशन' करावं लागतं आणि त्यात तो अपॉसल खर्ची पडतो. एवढा महाग अपॉसल 'वाया' घालवायला हात धजत नाही, त्याच्याकडून धर्मात नवी श्रद्धा (धर्माला मिळणारा एक कायमचा फायदा) जोडून घ्यावीशी वाटते. धर्म दोन श्रद्धांनी सुरू होतो आणि पुढच्या दोन अपॉसलकडून जोडून घ्याव्या लागतात, त्यामुळे मोह साहजिक आहे. माझं स्पष्ट मत असं की शेजारी धर्म पसरवणारा असेल तर पहिला अपॉसल श्रद्धेला द्या, दुसरा बिनदिक्कत इन्क्विझिशनला. चौथी श्रद्धा तिसऱ्या अपॉसलवर आली तरी काही बिघडत नाही. शहरं गेल्यावर अपॉसल घ्यायला धावणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. एकही चार्ज न वापरलेला ताजा अपॉसल घ्या, आपल्या शहराजवळ उभा करा आणि बटण दाबा. त्यानंतर टेंपल (होली साइटमधली इमारत) असलेल्या शहरात इन्क्विझिटर मिळू लागतो.

या नावाबद्दल एक गोष्ट बोलायला हवी. गेममध्ये हे एक स्वच्छ, बिनबोभाट बटण आहे. गोव्यात इन्क्विझिशन (पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय) १५६० मध्ये सुरू झालं आणि १८१२ मध्ये कायमचं बंद झालं, आणि त्या अडीच शतकांत तिथल्या कुटुंबांनी काय सोसलं ते कुठल्याही टक्केवारीत मावत नाही. गोव्याकडच्या काही खेळाडूंना हे बटण दाबणं जड जातं, आणि मला ते पूर्ण पटतं. त्यांना वाट बंद नाही. पुढे मोक्षा हा गव्हर्नर (शहरावर नेमायचा अधिकारी) आणि धार्मिक लढाईबद्दल लिहिलंय, त्यावरही बचाव उभा राहतो, फक्त जास्त लक्ष द्यावं लागतं.

विकत घेताना कुठल्या शहरातून घेताय?

या एका गोष्टीने कित्येक डाव घालवलेत. मिशनरी किंवा अपॉसल ज्या शहरातून विकत घ्याल, त्या शहरात बहुमत असलेल्या धर्माचा तो होतो. तुम्ही स्थापन केलेल्या धर्माचा होईलच असं नाही. म्हणजे फिरलेल्या शहरातूनच "त्याच शहराला परत आणायला" मिशनरी घेतला, तर तुमच्या फेथच्या खर्चाने शेजाऱ्याच्या धर्माचा मिशनरी तयार होतो. तो तुमच्या हुकमात असतो, दिसायलाही तसाच असतो, आणि शहरात चार्ज वापरला की त्यांचंच प्रेशर वाढतं. "मिशनरी वापरला तरी काहीच होत नाही, उलट वाढतंय" ही तक्रार ऐकली की आधी हेच तपासायचं. तुकडीवर टिचकी मारून तिचं धर्मचिन्ह बघा.

याचा दुसरा परिणाम जास्त घातक आहे. श्राइन (होली साइटमधली पहिली इमारत) किंवा टेंपल असलेली सगळी शहरं फिरली, त्यात होली सिटीही गेलं, तर आपल्या धर्माची एकही नवी तुकडी घेता येत नाही. फेथ हजारांत साठलेलं असलं तरी उपयोग नाही. म्हणून एक अपॉसल कायम राखीव ठेवा. त्याला कुठेही धाडू नका, होली सिटीत बसवून ठेवा, त्याचे चार्ज शाबूत राहू द्या. एआयला तुमचं होली सिटी फिरवायला आवडतं, आणि तिथे हा एक अपॉसल असणं-नसणं एवढाच फरक डाव वाचण्यात आणि संपण्यात असतो.

सगळंच गेलं असेल तरी काही वाटा उरतात. परदेशातलं एखादं शहर तुमचा धर्म मानत असेल तर तिकडे व्यापारी मार्ग चालू करा, किंवा जमत असेल तर ते शहरच जिंका, तिथे श्राइन बांधा आणि तिथून मिशनरी घ्या. आणि खाली लिहिलेला युद्धाचा मार्ग आहेच.

शहर फिरण्याआधीच थांबवायचं असेल तर

धार्मिक तुकड्यांना सीमा बंद असल्याने काही फरक पडत नाही. ओपन बॉर्डर्स दिले नाहीत तरी त्या आरामात आत येतात. सैनिक वाटेत उभे केले तरी उपयोग नाही, कारण शांततेच्या काळात परकी धार्मिक तुकडी सैन्याच्या टाइलवरूनही जाते. तिला अडवू शकते ती दुसरी धार्मिक तुकडीच. डोंगर आणि समुद्राच्या मध्ये एकच अरुंद वाट असेल तर तिथे एक स्वस्त मिशनरी उभा करून ठेवणं हा अगदी साधा पण कामाचा उपाय आहे. मात्र तो मारला गेला तर काय होतं ते पुढे येतंय, म्हणून त्याच्या पाठीशी कुणीतरी हवं.

आपल्या हद्दीत शिरलेल्या अपॉसलला तिथेच संपवणं हा सगळ्यात भरभक्कम बचाव. धार्मिक लढाईत एक तुकडी मेली की तिच्या धर्माचं २५० प्रेशर १० टाइलच्या आतल्या प्रत्येक शहरातून जातं आणि जिंकणाऱ्याचं २५० वाढतं. प्रत्येक शहरात, हे लक्षात घ्या. पाच शहरांच्या मधोमध एक परका अपॉसल मारला तर पाचही शहरांत मिशनरीच्या एका चार्जपेक्षा जास्त काम एकाच वेळी होतं, तेही चार्ज न घालवता. उलट बाजूही तितकीच खरी. तुमचा जखमी मिशनरी तुमच्याच शहरांच्या मध्ये भटकत असताना मारला गेला तर सगळ्या शहरांतून तुमचं २५० जातं. जखमी तुकड्या मोकळ्या फिरू देऊ नका. होली साइटवर किंवा तिच्या शेजारच्या टाइलवर नेऊन बरं होऊ द्या, नाहीतर गुरू ही धार्मिक तुकडी सोबत ठेवा, तो आजूबाजूच्या तुकड्यांना बरं करतो.

ताकदीचा हिशेब असा. अपॉसल ११०, मिशनरी १००, गुरू ९०, इन्क्विझिटर ७५. इन्क्विझिटर सगळ्यात अशक्त वाटतो, पण आपल्या हद्दीत त्याला ३५ जास्त मिळतात, म्हणजे तोही ११०. त्यावर 'रिलिजस ऑर्डर्स' हे पॉलिसी कार्ड (सरकारी धोरण) लावलं की आणखी ५. डिबेटर बढती (अपॉसलला मिळणारं खास कौशल्य) मिळालेल्या अपॉसलला २० जास्त मिळतात, तो १३० चा होतो, आणि एआयकडे असा एखादा असतोच. त्याच्यावर एकट्याने जाऊ नका. दोन इन्क्विझिटर दोन बाजूंनी लावा, शेजारच्या तुकडीची साथ लढाईत मोजली जाते. मिशनरी आणि गुरू स्वतःहून लढाई सुरू करू शकत नाहीत, फक्त मार खातात.

समोरच्या अपॉसलची बढती वाचायची सवय लावा. प्रोसेलिटायझर असेल तर तो एका चार्जमध्ये आपलं ७५ टक्के प्रेशर पुसतो. आपल्या उदाहरणातलं शहर त्याने पहिल्याच चार्जला घेतलं असतं : आपले ९०० चे २२५, त्यांचे ५२०. ट्रान्सलेटर असेल तर परक्या शहरांत त्याचा जोर तिप्पट. तीन अपॉसल एकदम आले तर आधी या दोघांना गाठा, बाकीच्यांना वेळ आहे.

या लढाईला गेममध्ये इतकं वजन का, याचं कारण मला लीड डिझायनर एड बीच यांच्या आधीच्या कामात दिसतं. त्यांनी 'हिअर आय स्टँड' हा युरोपातल्या रिफॉर्मेशनवरचा (ख्रिस्ती धर्मसुधारणेवरचा) बोर्ड गेम बनवला होता, आणि त्यातही धर्मपंडितांचे वाद ही खेळातली एक मुख्य चाल होती. सिव्हिलायझेशन ५ मध्ये मिशनरी शांतपणे यायचे आणि जायचे. सहाव्या भागात ते भिडतात, आणि हा बदल मला मनापासून आवडतो. धर्म इथे नकाशावर दिसतो, त्याला जागा लागते, वाट लागते, पाठबळ लागतं.

कुणी हल्ला केलेला नाही, तरी शहर सरकतंय

हा प्रकार वेगळा आणि ओळखायला अवघड. एकही परकी तुकडी दिसत नाही, तरी सीमेवरच्या शहरात त्यांचे अनुयायी वाढत जातात. हे आपोआप येणारं प्रेशर. समजा तुमच्या त्या शहरापासून १० टाइलच्या आत शेजाऱ्याचं होली सिटी आहे, होली साइट असलेली दोन शहरं आहेत आणि आणखी दोन साधी शहरं. ४, २, २, १, १. टर्नला १० प्रेशर. चाळीस टर्नमध्ये ४००, म्हणजे दोन मिशनरी चार्ज कुणी न पाठवताच झाले. त्यात आपलं शहर एकटं पडलेलं असेल तर ते जाणारच.

रिलिजन लेन्स (नकाशावर धर्म दाखवणारं दृश्य) लावा आणि त्या शहराभोवती १० टाइल मोजा. आपली किती शहरं त्या कक्षेत आहेत, त्यातल्या किती ठिकाणी होली साइट आहे? बहुतेक खेळाडू होली साइट राजधानीच्या आसपास, डोंगरांचा चांगला शेजार बघून बांधतात, आणि सीमेवरच्या शहराला आधी कँपस (विज्ञानाचा विभाग) किंवा कमर्शियल हब (व्यापाराचा विभाग) देतात. शेजारी धर्मवेडा असेल तर सीमेवरच्या एका शहरात होली साइट आधी घ्या, फेथ कमी मिळालं तरी चालेल. इटिनरंट प्रीचर्स ही श्रद्धा घेतली असेल तर तुमचं प्रेशर १० ऐवजी १३ टाइलपर्यंत पोचतं आणि मागची शहरंही कामाला येतात. स्क्रिप्चर या श्रद्धेने प्रेशर २५ टक्क्यांनी वाढतं, पुढे प्रिंटिंग हे तंत्रज्ञान आल्यावर ५० टक्क्यांनी. बचावासाठी मी स्क्रिप्चरच घेईन, कारण आपली शहरं सहसा एकमेकांच्या १० टाइलच्या आतच असतात.

नव्याने वसवलेल्या शहराकडे तर खास लक्ष हवं. तिथे आधीचा साठा काहीच नसतो, त्यामुळे जो पहिला पोचेल त्याचं ते शहर. सेटलरसोबत (शहर वसवणाऱ्या तुकडीसोबत) एक मिशनरी पाठवून पहिल्याच टर्नला चार्ज वापरला तर पुढचा बराच खर्च वाचतो. तसंच, तुमचे व्यापारी कुणाच्या शहरांकडे जातात ते एकदा तपासा. परक्या होली सिटीकडे जाणारा फायदेशीर मार्ग थोडं त्यांचं प्रेशरही घरी आणतो. एकट्या मार्गाने शहर फिरत नाही, पण डळमळीत शहराला तेवढंही पुरतं.

राइज अँड फॉल किंवा गॅदरिंग स्टॉर्म हे विस्तार असतील तर गव्हर्नर मोक्षा आहे. त्याला सीमेवरच्या त्या शहरात बसवा. तो बसायला ५ टर्न लागतात, तेव्हा संकट दारात आल्यावर नव्हे, आधीच. त्याच्यामुळे त्या शहराचं आजूबाजूला जाणारं प्रेशर दुप्पट होतं. ग्रँड इन्क्विझिटर बढती दिली की त्या शहराच्या टाइलवर तुमच्या तुकड्यांना धार्मिक लढाईत १० जास्त, म्हणजे वरचा, कार्ड लावलेला इन्क्विझिटर आता १२५. लेइंग ऑन ऑफ हँड्सने जखमी तुकड्या त्या शहराच्या हद्दीत एका टर्नमध्ये पूर्ण बऱ्या होतात. सिटाडेल ऑफ गॉड मिळाली की ते शहर परक्या धर्माच्या आपोआप येणाऱ्या प्रेशरला आणि धार्मिक लढाईच्या परिणामांना दाद देत नाही. मात्र मिशनरीच्या थेट चार्जविरुद्ध तिच्यावर विसंबून राहू नका.

बोलून किंवा लढून

एआयने तुमचं शहर फिरवलं की त्याच्याशी बोलताना "माझी शहरं फिरवणं थांबव" असं सांगायचा पर्याय मिळतो. बरेच जण तो वापरतच नाहीत. वापरा, फुकट आहे. तो कबूल झाला तर निदान काही काळ श्वास घ्यायला मिळतो, आणि गॅदरिंग स्टॉर्ममध्ये वचन मोडलं तर त्याच्याविरुद्ध ग्रीव्हन्स (तक्रारीचे गुण) जमा होतात, ते पुढे युद्ध करताना कामी येतात. स्पेनचा दुसरा फिलिप समोर असेल तर फार आशा ठेवू नका. आपल्या साम्राज्यात एकच धर्म असावा हा त्याचा ठरलेला हट्ट आहे, आणि त्याचाच धर्म मानणारे त्याला आवडतात.

युद्ध जाहीर केलं की चित्र पालटतं. मग कुठलीही सैनिकी तुकडी परक्या मिशनरीच्या टाइलवर जाऊन 'कंडेम हेरेटिक' करू शकते. तो जागीच संपतो आणि आसपासच्या शहरांतलं त्याच्या धर्माचं प्रेशरही कमी होतं. सीमेवर घोडदळाच्या दोन तुकड्या असतील तर पाच-सहा अपॉसलांची अख्खी मोहीम दोन टर्नमध्ये मोडते. त्यासाठी शहरं जिंकायची गरज नाही. ते तुमच्या हद्दीत खोल शिरेपर्यंत थांबा, युद्ध जाहीर करा, सगळे टिपा, आणि पुढे तह करा. तुमचं सैन्य त्यांच्यापेक्षा फारच दुबळं असेल तर मात्र हा मार्ग सोडा.

आपला धर्मच नसेल तर

नकाशावर धर्मांची संख्या ठरलेली असते. आठ खेळाडूंच्या स्टँडर्ड नकाशावर पाचच धर्म होतात, त्यामुळे तिघांना धर्म मिळत नाही. तुम्ही त्या तिघांत असाल तर शहरं फिरणं थांबवता येणार नाही, आणि थांबवायची गरजही नाही. धर्मांची नावं आणि चिन्हं वेगळी असली तरी गेममध्ये हिंदू, बौद्ध, इस्लाम किंवा कॅथलिक यांच्यात स्वतःचा असा काहीच फरक नाही, फरक असतो तो स्थापन करणाऱ्याने निवडलेल्या श्रद्धांचा. ज्या धर्माच्या अनुयायी-श्रद्धेने (तो धर्म मानणाऱ्या शहराला फायदा देणाऱ्या श्रद्धेने) तुमच्या शहरांना फायदा होतो तो येऊ द्या. भारत घेऊन खेळत असाल तर आणखीच बरं, कारण शहरात एक अनुयायी असलेल्या प्रत्येक धर्माची अनुयायी-श्रद्धा तुम्हाला लागू होते. भारताला एकरंगी शहरं हवीच कशाला?

जपायचं ते एवढंच, की कुणाचा धार्मिक विजय होऊ नये. त्यासाठी प्रत्येक देशाच्या निम्म्याहून जास्त शहरांत एकाच धर्माचं बहुमत लागतं. त्यात तुमचाही देश आला. म्हणजे तुमच्या दहा शहरांपैकी पाच शहरं दुसऱ्या कुठल्याही धर्माकडे असली तरी तो विजय अडतो. आघाडीवरच्या धर्माचा प्रतिस्पर्धी कोण ते बघा, त्याचं बहुमत असलेल्या तुमच्या एका शहरात श्राइन बांधा, तिथून त्याच धर्माचे मिशनरी घ्या आणि बाकी चार शहरं त्याच्याकडे वळवा. विकत घेण्याचा जो नियम वर त्रासदायक होता, तोच इथे तुमच्या बाजूने चालतो.

धर्माच्या या भागात मन रमतच नसेल तर नवा डाव मांडताना प्रगत सेटिंगमध्ये धार्मिक विजयावरची खूण काढून टाका. एआयचे मिशनरी तरीही येतील, शहरं तरीही फिरतील, पण त्यावर डाव संपणार नाही. चालू डावात ही खूण बदलता येत नाही, त्यामुळे आत्ता अडकलेल्या डावासाठी आधी अपॉसल घ्या, इन्क्विझिशन सुरू करा, मग सगळ्यात जास्त लोकसंख्येच्या फिरलेल्या शहरापासून इन्क्विझिटर वापरायला लागा, आणि प्रत्येक चार्जनंतर शहराच्या तपशिलात धर्माचं पान उघडून परक्या धर्माचे किती अनुयायी उरले ते बघून मगच पुढच्या शहराकडे जा.